दहा बाय बारातले आकाश

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा सारा मुलूख हा चाकांचा मुलूख. इथे दुचाकी होतात, तीनचाकी होतात, मोटारी होतात, मालमोटारी होतात. आणि घरटी एखादा माणूस गिअर, स्प्रिंग, सील, निदान एखादा नटबोल्ट तरी करीतच असतो. पहिल्या पाळीच्या बसगाड्या पहाटे निघतात, तिसऱ्या पाळीची माणसे डोळे चोळीत सकाळी परततात. अशा या मुलखात विमान मात्र उतरत नाही.

मध्यंतरी ते उतरणार होते. पुण्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ चाकण-राजगुरुनगरच्या परिसरात व्हावा ही योजना वर्षानुवर्षे चर्चेत होती. जमिनी जाणार म्हणून शेतकऱ्यांनी विरोध केला, जागांच्या पाहण्या झाल्या, आणि अखेर २०१६ साली पुरंदरचे नाव जाहीर झाले. तिथेही ज्यांच्या जमिनी जायच्या त्यांनी विरोधाचे निशाण उभारलेच. ते काही असो. चाकणचा विमानतळ कागदावरच राहिला.

गंमत अशी, की विमानतळ आला नाही तरी वैमानिक आले! निगडी, चिंचवड, मोशी, चऱ्होली इथल्या इमारतींत, दहा फूट बाय बारा फुटांच्या खोल्यांत, रात्रीची भांडी विसळून झाली की विमानांची इंजिने सुरू होतात. कोणी लोहगावहून दिल्लीला निघतो, कोणी लेहच्या डोंगरदरीत विमान उतरवू पाहतो. संगणक, त्यात घातलेला विमानोड्डाणाचा कार्यक्रम आणि हातात एक दांडा, एवढ्या भांडवलावर चालणारा हा छंद. इंग्रजीत त्याला ‘फ्लाइट सिम्युलेशन’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘घरगुती उड्डाण’ म्हणू. मी पडलो मराठीचा मास्तर. विमानाशी माझा संबंध उपमा-उत्प्रेक्षांपुरता. तरीही शेजारीपाजारी आणि विद्यार्थी यांच्या संगतीने या छंदाची बरीच माहिती झाली, आणि हा नुसता पोरखेळ नव्हे अशी खात्री पटली. ती का पटली, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

पेटीच्या भात्यातून निघालेले विमान

या विद्येचा उगम वाद्यांच्या कारखान्यात झाला, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचे गाव आहे. तिथे एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या पियानो आणि ऑर्गनच्या कारखान्यात काम करीत असे. त्याला विमान शिकण्याचा नाद. पण शिकवणी महाग. तेव्हा १९२९ साली त्याने ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते घेतले, त्यांच्यावर विमानाच्या आकाराची एक लाकडी पेटी बसवली, आत दांडा, पायपट्ट्या आणि घड्याळे लावली. दांडा हलवला की भात्यांत हवा कमीजास्त होई आणि पेटी झुके, वळे, नाक वर करी. आपल्या हार्मोनियमच्या भात्याचेच हे थोरले भावंड म्हणा ना! प्रथम प्रथम लोकांनी त्याला जत्रेतल्या पाळण्याच्या पंगतीला बसवले, आणि ते यंत्र करमणुकीच्या बागांत गेलेही.

पुढे १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले. धुके, बर्फ, रात्र आणि यंत्रांकडे पाहून उडण्याची सवय नाही. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणाला मुकले. तेव्हा लष्कराने लिंकच्या सहा पेट्या विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा पेट्या हजारोंनी झाल्या आणि त्यांत बसून लक्षावधी वैमानिक शिकले.

त्या पेटीने शिकवले काय? ढगात शिरल्यावर शरीर खोटे बोलते, हे. कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. विमान हळूहळू वळत गेले तर काही वेळाने त्याला वळणे जाणवेनासे होते. माणसाला वाटते आपण सरळ चाललो आहोत, आणि विमान तर घसरत खाली निघालेले असते. अशा वेळी समोरचे कृत्रिम क्षितिज सांगेल ते खरे मानायचे आणि स्वतःच्या अंगाची साक्ष फेटाळायची, ही सवय बंद पेटीत बसवून अंगी बाणवता आली. तीही कोणाचा जीव न घालवता!

तीच पेटी पुढे संगणकात शिरली. ब्रूस आर्टविक या अमेरिकन अभियंत्याने घरगुती संगणकासाठी उड्डाणाचा कार्यक्रम रचला. १९८२ साली तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने बाजारात आला. त्यात जमीन म्हणजे चार रेषा आणि डोंगर म्हणजे त्रिकोण. २०२० साली फ्रान्समधील असोबो या मंडळींनी रचलेली त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात उपग्रहचित्रांवरून उभारलेली सारी पृथ्वी होती आणि सदतीस हजार विमानतळ होते. २०२४ साली तिची धाकटी बहीणही आली. ‘एक्स-प्लेन’ हा दुसरा नावाजलेला कार्यक्रम ऑस्टिन मेयर यांचा. त्यात पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावर हवेचा जोर किती पडेल याचे गणित दर सेकंदाला अनेकदा मांडले जाते. त्यामुळे विमान ‘चित्रासारखे’ न हलता ‘विमानासारखे’ हलते.

लोहगावहून लोहगडाकडे

आता आपण एक फेरी मारून येऊ. विमान घेऊ सेस्ना १७२. पंख डोक्यावर असलेले, चार माणसांचे, साधे, गरीब स्वभावाचे. जगात सर्वांत अधिक संख्येने झालेले विमान हेच. चव्वेचाळीस हजारांवर त्याची संख्या गेली आहे. शिकाऊ माणसाने प्रथम याच्याशीच सलगी करावी. मोठमोठी जेट विमाने नंतर.

लोहगावच्या धावपट्टीवर उभे राहिल्याबरोबर एक चमत्कार दिसतो. विमान अजून जमिनीवर आहे, आणि उंचीचे घड्याळ सांगते, एकोणीसशे चाळीस फूट! घड्याळ बिघडलेले नाही. ते समुद्रसपाटीपासून मोजते, आणि आपले पुणे मुळातच तेवढे उंचावर बसले आहे. धावपट्टीवर २८ हा आकडा रंगवलेला असतो. त्याचा अर्थ होकायंत्रावर २८० अंश, म्हणजे जवळजवळ पश्चिम. भूगोलाच्या तासाला जे तोंडपाठ होत नाही ते इथे एका संध्याकाळी डोक्यात बसते.

इंजिनाला पूर्ण जोर द्या. वेग पंचावन्न नॉटवर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरवर आला की दांडा अलगद मागे ओढा. चाकांची घरघर थांबते. थोडे उजवीकडे वळलात की इंद्रायणी दिसू लागते; उजव्या हाताला आळंदी, पुढे देहू आणि भंडाऱ्याचा डोंगर. डावीकडे भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची पत्र्याची छपरे. उत्तरेला चाकण, १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या फौजेला पन्नासांहून अधिक दिवस जिथे झुंजवले तो संग्रामदुर्ग याच गावातला. मग नाक पश्चिमेला करा. पवनेचे पाणी, विसापूर, लोहगड. लोहगावहून इथवर यायला पाव तास लागला. तेवढ्या वेळात चाकणच्या चौकातून मोटार बाहेर पडली तरी आपण देवाचे आभार मानतो!

हे सुख प्रत्यक्षात कोणाला मिळणार? लोहगाव हा हवाई दलाचा तळ. तिथे हौसेने विमान काढून गडावर घिरट्या घालण्याची कोणाची प्राज्ञा नाही. आपल्या रोजच्या वाटा, आपले नदीनाले, आपल्या कारखान्याचे छप्पर पाखराच्या नजरेने पाहणे ही या छंदाची पहिली आणि सर्वांत स्वस्त मौज आहे.

हातापायांची सोय

कळफलकावर बोटे आपटून विमान चालत नाही असे नाही. पण ते म्हणजे चमच्याने श्रीखंड न खाता सुईने खाण्यासारखे. पहिली खरेदी साध्या जॉयस्टिकची करावी. काही हजार रुपयांत मिळणाऱ्या दांड्याला पिळ दिला की सुकाणूही फिरते, आणि बाजूला इंजिनाच्या जोराची पट्टी असते. वर्ष-सहा महिने एवढ्यावर काढावे. गोडी टिकली तर मग ‘योक’, म्हणजे छोट्या विमानांत असते ते अर्धचक्र, इंजिनाच्या दांड्यांचा वेगळा संच, आणि पायांसाठी पट्ट्या.

पायपट्ट्यांचे महत्त्व आपल्या भागातल्या माणसाला एकदम पटत नाही, कारण त्याचा हात मोटारीवर बसलेला. विमान जमिनीवर धावत असताना तो चक्र मोटारीच्या स्टिअरिंगसारखे फिरवतो, आणि विमान खुशाल गवतात जाते. जमिनीवर विमान वळते ते पायांनी! एक पाय पुढे तर दुसरा मागे. आणि पट्टीच्या वरच्या टोकाला चवड्याने दाबले की त्या बाजूचा ब्रेक. नव्या माणसाची पहिली आठवडाभराची शिकवणी म्हणजे हातांना गप्प बसवणे.

पण औद्योगिक पट्ट्यात विकत घेण्यापेक्षा घडवण्याची हौस अधिक. आमच्या प्राधिकरणात एक काका आहेत. भोसरीच्या एका टूलरूममध्ये उभी हयात काढून निवृत्त झाले. तरुणपणी वैमानिक व्हायचे होते. वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा निघाला आणि तो रस्ता कायमचा मिटला. त्यांनी पायपट्ट्या स्वतः केल्या. चौकोनी नळी, दोन बेअरिंगे, भंगारातल्या स्प्रिंगा, आणि हालचाल मोजायला चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर. ‘‘घासणारा सेन्सर लावला की दोन वर्षांत आकडे नाचायला लागतात. चुंबकाला झीज नाही. मोटारीच्या अ‍ॅक्सिलरेटरखाली आपण दुसरे काय बसवतो?’’ असे ते मला समजावतात. काकूंचे मत विचाराल तर, ‘‘लोखंड घरात आले हे खरे, पण माणूसही घरात आला,’’ एवढेच त्या म्हणतात. रंगांधळेपणाने जमिनीवर ठेवलेला हा गृहस्थ आता रोज संध्याकाळी तासभर उडतो. नातवंडे आली की त्यांतली थोरली नात टेबलाच्या पलीकडे बसून ‘‘आजोबा, उतरायला परवानगी आहे,’’ असे गंभीर चेहऱ्याने सांगते.

हे परवानगीचे कामही जगभर हौसेने चालते बरे का! ‘व्हॅटसिम’ नावाची एक मंडळी २००१ पासून आहे. तिच्यात काही सभासद वैमानिक होतात, काही मनोऱ्यातले नियंत्रक. सारे आपापल्या घरून, एक पैसा न घेता, खऱ्या परिभाषेत बोलतात. आमच्या मराठी मुलांची इंग्रजी बोलण्याची भीड यातून चेपली जाते, हा आडून झालेला फायदा. एरवी वर्गात उभे केले तर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो इथे कुठल्या तरी परदेशी नियंत्रकाला ठणकावून आपली उंची सांगतो.

जोडण्यांचा मोह

या छंदात मूळ कार्यक्रमाला नवी विमाने, नवे विमानतळ, नवे हवामान जोडता येते. यांना ‘अ‍ॅड-ऑन’ म्हणतात. काही जोडण्या इतक्या बारकाईच्या असतात, की बोइंग ७३७ च्या बैठकीतली जवळजवळ प्रत्येक कळ चालते आणि इंजिन सुरू करायचे म्हणजे पोथी उघडून बसावे लागते. काही जोडण्या हौशी लोकांनी फुकट दिल्या आहेत. ‘फ्लायबायवायर’ या मंडळींचे एअरबस ए-३२० हे त्यांतले उत्तम उदाहरण. नकाशासाठी ‘लिटल नॅव्हमॅप’ हाही फुकट.

तेव्हा माझे सांगणे असे, की आधी फुकटाचे पुरे चाखावे. नाहीतर साड्यांच्या दुकानात जे होते ते इथेही होते. कपाट भरते, नेसणे होत नाही. चाळीस विमाने विकत घेतलेले आणि एकही नीट उतरवता न येणारे महाभाग मला ठाऊक आहेत. एका विमानाशी संसार करावा. त्यातच खरी विद्या आहे.

डोळ्यांवर चढवलेले आकाश

आता आभासी वास्तवाचा चष्मा, म्हणजेच ‘व्हीआर’. डोळ्यांवर पेटी बांधायची. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात, मान वळवाल तिकडे दृश्य वळते. पडद्यावर पाहताना आपण विमानाचे चित्र पाहतो. चष्मा घातला की आपण विमानात बसतो. खांद्यावरून मागे पाहावे तर शेपूट दिसते, खाली वाकावे तर चाकाजवळून शेत सरकताना दिसते. धावपट्टीवर टेकण्याच्या आधी जमीन किती हात राहिली याचा अंदाज सपाट पडद्यावर येत नाही, चष्म्यात येतो. हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

दोष असा, की संगणकाला दुप्पट राबावे लागते, म्हणून तो तालेवार हवा. आणि डोळे झाकलेले असल्याने कळा चाचपडून शोधाव्या लागतात. त्याहून मोठा दोष मळमळीचा. लिंकच्या पेटीची गोष्ट आठवा. ढगात कान फसतो आणि डोळ्यांनी यंत्र पाहून त्याला सावरायचे असते. इथे नेमके उलटे! डोळे सांगतात, विमान वळले. कान सांगतो, हा गृहस्थ तर खुर्चीत बसला आहे. या दोघांच्या भांडणात पोट ढवळते. उपाय सोपे आहेत. पहिले काही दिवस दहा मिनिटांपुढे जाऊ नये. तोंडावर पंखा ठेवावा. कसरती करू नयेत. आणि अस्वस्थ वाटू लागताच चष्मा उतरावा. ‘सवयीने जाईल’ म्हणून दात-ओठ खाऊन बसणाऱ्याला पुढे चष्मा पाहूनच मळमळते. लहान मुलांसाठी तर हा चष्मा करणारेच वयाची अट घालतात, ती पाळावी.

मुलगा वैमानिक होईल का?

आईबाप मला हटकून हा प्रश्न विचारतात. आणि आता ‘मुलगी’ म्हणूनही विचारतात, हे चांगले आहे. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचे फॉकर फ्रेंडशिप विमान सर्व स्त्री कर्मचाऱ्यांसह नेले होते. तेव्हा तो प्रश्न निकालात निघालेला आहे.

उत्तर मात्र सरळ द्यायला हवे. व्यावसायिक परवान्यासाठी निदान दोनशे तास खऱ्या विमानात उडावे लागते, प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते आणि लाखांनी पैसा लागतो. घरच्या खुर्चीतला एक तासही त्यात धरला जात नाही. विमान कंपन्यांचे सिम्युलेटर वेगळे. सहा पायांवर झुलणाऱ्या त्या खोलीएवढ्या यंत्रांना सरकारी मान्यता असते, आणि मुरलेल्या कप्तानांनाही ठरावीक काळाने त्यांत परीक्षा द्यावी लागते.

मग घरच्या उड्डाणाचा उपयोग काय? यंत्रे वाचणे, नकाशा, हवामानाची परिभाषा, कामाचा क्रम, रेडिओवरचे बोलणे, यांत मूल पुढे जाते. तोटाही आहे. घरी शिकलेला विद्यार्थी खऱ्या विमानात बसला की काचेबाहेर पाहायचे सोडून घड्याळांकडे टक लावतो, आणि ती खोड मोडण्यात शिक्षकाचे तास जातात. शिवाय खुर्चीच्या तळाशी जाणवणारे विमान घरात कुठून आणणार? म्हणून आईबापांनी याला ‘स्वस्तातली वैमानिकी’ समजू नये. गायनाच्या क्लासला जाणारे मूल गवई होतेच असे नाही. पण त्याचा कान तयार होतो. इथे डोके तयार होते. कोणी अभियंता होईल, कोणी हवामानशास्त्राकडे वळेल, कोणी नुसतेच शहाणे होईल. तेवढे पुरे.

फुकटची चूक

शेवटी मूळ मुद्दा. कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी वर्षानुवर्षे खपून सहा आसनांचे खरे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले; त्याची नोंदणी व्हायला २०१७ आणि उडवून पाहण्याची परवानगी मिळायला २०१९ उजाडले. एवढा विलंब पाहून आपण हळहळतो. पण खऱ्या विमानात चूक फुकट नसते, म्हणून तर परवानगीला इतके सायास!

घरच्या विमानात चूक फुकट असते. डोंगरावर आदळलात? एक कळ दाबा. पुन्हा धावपट्टीवर उभे, अंगावर ओरखडा नाही. या छंदाचे सारे बरेवाईट या एका कळेत साठले आहे. लिंकने पेटी केली ती चूक फुकट करण्यासाठीच. कारण फुकट चुकता आले तरच माणूस शिकतो. पण फुकट चुकता येते म्हणून शिकायचेच सोडून देणाराही असतो. तो पुलाखालून जेट विमान घालतो, आदळतो, हसतो, पुन्हा घालतो. आणि रात्रीचे दोन वाजतात.

आमच्या काकांची रीत निराळी. विमान आपटले की ते कळ दाबीत नाहीत. खुर्चीतून उठतात, पाणी पितात, वहीत लिहितात : वेग किती होता, उंची किती होती, कोणती गोष्ट करायची राहिली. पुढचे उड्डाण दुसऱ्या दिवशी. ‘‘लेथवर चूक झाली तर बोट जाते. तिथे लागलेली सवय इथे का सोडू?’’ असे ते म्हणतात. त्या वहीची पाने मी चाळली आहेत. पहिल्या महिन्यात पानोपानी ‘आपटले’; हळूहळू ‘जोरात टेकले’; आणि अलीकडच्या पानांवर तारीख, वारा, वेग, आणि पुढे एकच शब्द : ‘ठीक’.

या दिवाळीत घरात असा दांडा आणि असे विमान येणार असेल, तर त्यांच्याबरोबर दहा-वीस रुपयांची एक वहीही आणावी.